करडं साहित्य

डॉक्टर हिस्कॉक,
तुमची चिठ्ठी मिळाली.
पिंचर्स बेट, सन पन्नास ते पासष्ट,
दोन वर्षांखालची मुलं, हगवण.
‘जे जे छापलं गेलंय ते सगळं.’

सगळं म्हणजे दोन हजार आठशे सेहेचाळीस.
एकच निबंध पाच वेगवेगळ्या टोप्या घालून हिंडत होता,
त्याला धरून एका जागी बसवलं.
मग उरले एकोणीसशे बारा.
वाचले. बरेचसे उंदरांवरचे,
काही इतके सावध
की शेवटी ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ म्हणून
आल्या वाटेने परत गेलेले.
चाळणीत अकरा राहिले,
आणि त्या अकरा जणांपैकी एकालाही
आपलं बेट नकाशावर दाखवता आलं नसतं.

जे छापखान्यापर्यंत पोचतच नाही
त्याला आमच्या धंद्यात करडं साहित्य म्हणतात.
तुम्ही न्यूफाउंडलंडचेच,
करड्याबद्दल तुम्हाला मी काय सांगणार?
आज नववा दिवस, सेंट जॉन्सच्या बंदराचं तोंड
धुक्यातून बाहेर आलेलं नाही.

तर मी तळघरात गेले.
बेटावरचा दवाखाना बंद पडला तेव्हा
बोटीतून आलेली सात खोकी.
चारांत पावत्या. एकात
एकच रबरी बूट, डाव्या पायाचा.
सहाव्यात सामानाची वही: गॉज, आयोडीन, रॉकेल,
आणि समासात, पेन्सिलीने, आडव्या अक्षरांत
नर्स लॅव्हिनिया टोबिन.

‘खालच्या विहिरीवर नऊ घरं. वरच्या विहिरीवर चार.’
‘पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं.’
‘पुन्हा सांगितलं.’
‘पुन्हा.’
मग मार्चमधलं एक पान, कोपऱ्यात रॉकेलचा डाग:
‘आता सांगणं सोडलं. सरपण संपलंय.
मासे वाळवायच्या माचीच्या फळ्यासुद्धा चुलीत गेल्या.
उरलेल्या दोन फळ्या पाण्याखाली लावायच्या
की पोरापाशी,
हे आईला विचारायला गेले
आणि न विचारता आले.’

तुमच्या अर्जात तिसऱ्या पानावर आहे:
‘संभाव्य कारण, पालकांचं अज्ञान.’
मी ग्रंथपाल. निष्कर्ष काढणं माझं काम नाही.
मी फक्त पान क्रमांक देते.
या वहीला पान क्रमांक नाहीत.

काल नीतिसमितीचा कागद आला,
नावं झाकूनच वही दाखवावी.
बरोबरच आहे. त्यांची भावंडं हयात आहेत,
त्यातला एक जण माझ्याच रस्त्यावर राहतो,
बर्फ पडलं की न सांगता माझी पायरी साफ करतो.
मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या.
प्रत्येक नाव झाकण्याआधी
एकदा मोठ्याने वाचलं.
ऐकायला तळघरात होता फक्त बॉयलर,
रिकाम्या खोल्यांसाठी धगधगणारा.
एकोणीस पट्ट्या लागल्या.
एका जागी नाव नव्हतंच,
‘पेनींकडचं, तीन दिवसांचं’ एवढंच.
तिथेही पट्टी लावली.
नियमात बसतं की नाही, बघितलं नाही.

सूचीत नोंद केली आहे.
लेखक: टोबिन, एल.
शीर्षक नव्हतं, मी दिलं: ‘सामानाची वही, समासासह’.
प्रकाशकाच्या रकान्यात बराच वेळ
कर्सर लुकलुकत राहिला.

वही बाहेर नेता येणार नाही.
मंगळवारी दोननंतर या, खोली सात.
पेन नको, पेन्सिल इथे मिळेल.
बसण्याआधी हात धुवून, नीट कोरडे करून घ्या.
जिन्याखालच्या नळाला गरम पाणी येतं.
फार वाट बघावी लागत नाही.