शेरा

सेलूला, रेल्वे फाटकाच्या अलीकडं,
गिरणीची पाटी लांबूनच दिसली
आणि मला हसू आलं.
पाटीवर नाव ग्यानोबा कोंडिबा खरात,
डोक्यात म्हण: आंधळं दळतं...
पुढचं तुम्हाला पाठ आहे, मलाही होतं.
फॉर्म पिशवीत कोरा होता,
मत घरूनच भरून आणलेलं.

जिना मोजला. अकरा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला.
गॅस, विळी, इस्त्रीची वायर.
हौदाला झाकण आहे का, हे तर दोनदा लिहिलं.
अयोध्याबाई चहा गाळत होत्या,
मी कपांकडं टक लावून, सांडतो का म्हणून.
सांडला. माझ्याच हातून, फॉर्मवर.

विचारलं, लेकराला ताप आला तर कसं कळंल तुम्हाला?
त्या म्हणाल्या, तुम्हाला कसं कळतं बाई,
डोळ्यानं?

पहिल्या भेटीचा शेरा: साशंक.
साहेबांनी त्याच्याखाली लाल रेघ ओढली.
त्या रेघेपायी दोघांना परभणीला
चौदा चकरा पडल्या, हे मागाहून कळलं.

मूल आलं तेव्हा सव्वा वर्षाचं होतं. कावेरी.
गल्लीतल्या बायांनी मला पायरीवरच गाठलं:
'चला, आंधळ्याची काठी झाली आता.'
मी तेही टिपून घेतलं, 'हेतू' या रकान्यात.
ग्यानोबा गिरणीच्या दगडाला टाकी लावत होते.
म्हणाले, 'काठी हाय की माझ्याकडं, घडीची,
दीडशे रुपयाची.
लेकरू कशाला लागंल त्या कामाला?'

पुढं ती चालायला लागल्यावर
फाटक उघडताना कोण कोणाला नेतं ते मी पाहिलं.
पोरगी रुळाजवळ खडी वेचायला थांबायची,
हे ओढायचे.
आणि गिऱ्हाइकाचं पीठ चिमटीत घेऊन सांगायचे,
'तुझ्या आईला याहून बारीक लागतं, थांब.'
म्हणीतलं कुत्रंही आहे तिथं. पीठ खात नाही.
भाकर लागते त्याला, तीही गरम.

दुसऱ्या भेटीला तिच्या पायात घुंगराचे पैंजण,
लेकरू कोणत्या खोलीत आहे ते कळावं म्हणून.
कावेरीनं शोध लावला होता
की दोन्ही मुठींत पैंजण घट्ट धरून
बसल्या बसल्या सरकलं
तर गुळाच्या डब्यापर्यंत पोचता येतं.
मला दिसत होतं सगळं. मी गप्प.
आतून आवाज आला:
'कावे, इतकं शांत कशानं झालं गं?'

तिसऱ्या भेटीत ती उंबऱ्याला अडखळली.
गुडघा फुटला, जवळ मीच होते.
बघू, म्हणलं, आणि चष्मा सावरून वाकले.
तिला ते बघणं वाटलंच नाही.
रडता रडता माझं बोट धरलं तिनं,
आणि जखमेच्या कडेला टेकवलं,
आईचं टेकवत असेल तसं, अलगद.
'बघ,' म्हणाली. 'हितं बघ.'
ओलं. गरम. आणि आत रुतलेला एक बारीक खडा.
खडा मला दिसला नव्हता.

'पालकांच्या मर्यादा' या रकान्यापुढं
पेन बराच वेळ उघडं राहिलं.
मग लिहिलं: मुलीचे लाड फार. गूळ कमी द्यावा.

साहेब म्हणाले, आणि पहिल्या शेऱ्याचं काय करायचं?
म्हणलं, चूक होती. माझी. तसं लिहिते.
त्यांनी फॉर्म उलटापालटा करून पाहिला.
त्याला रकाना नाही, म्हणाले.