पन्नास हजाराचा हिशेब

घाटंजीत, शकूरभाईच्या दुकानासमोर
गाडी जॅकवर.
मागचं डावं टायर गुळगुळीत,
म्हशीच्या ओल्या पाठीसारखं.

दोन नवे भिंतीला टेकून.
एकाच्या कागदावर पैलवान, एकाच्या गेंडा.
शकूरभाई पैलवानाला थाप मारतो,
बाजारात बैलाच्या पुठ्ठ्यावर मारावी तशी:
"पन्नास हजार किलोमीटर. डोळे मिटून."
आणि गेंडा?
"तीस. पण दोन हजारानं सस्ता."

मी नखानं नक्षी खरवडून पाहतो.
आमच्या रस्त्यावर गिट्टी पडून दोन उन्हाळे झाले,
डांबर अजून यवतमाळातच आहे.
तिथं कोण टिकेल, ते कागदावर नाही.

गाडीत कवडूजी नेवारे बसून.
मंगळवार, शुक्रवार, डायलिसिस.
जाऊन-येऊन शंभर.
जिनिंगात तीस वर्षं काट्यावर होते;
ओठ हलू लागले की समजावं,
वजन चाललंय.

"तीसवालंच घे," काच खाली करून म्हणतात,
"माह्याच फेऱ्या धर. तीन वर्स चालते.
पैलवान कायले?
पाच वर्स कोन बसते तुह्या गाडीत?"

शकूरभाई पाना उगाच पुसतो.
पलीकडे पोरगं ट्यूब टाक्यात बुडवून
बुडबुडा कुठून येतो ते पाहतंय.

मी पैसे मोजतो. पुन्हा मोजतो.
"पैलवान," म्हणतो. "अन् व्हॉल्व्ह नवा टाका."

कवडूजी काच वर करतात.
नदीच्या पुलापर्यंत एक शब्द नाही.
मग, खिडकीकडेच तोंड ठेवून:
"भाव तरी पाडून घ्याचा होता, बावा."