नेम नाही

निवडणूक लागली की आमची बंदूक
वाळपईच्या पोलीस ठाण्यात राहायला जाते.
हवालदार पावती फाडतो: ठासणीची, एक नळी,
दस्ता फुटका, तारेनं बांधलेला.
दरवेळी विचारतो, "मास्तर, ही उडते तरी का?"
उडते.
कुठे, ते तिला विचारायचं नाही.

परवाना माकडांसाठी.
कुळागरात नुसता बार काढायचा.
माकडं माडावरून हलतात, जराशी,
शेजारच्या माडावर जाऊन बसतात.
तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं
आणि घरातल्या या नळीकडे
फक्त आवाज म्हणून पाहिलं.

निवृत्तीनंतरच्या फेब्रुवारीत, मळ मोकळी झाल्यावर,
जुनी चादर बांबूंना ताणली,
तिच्यावर कोळशानं माणूस काढला.
"टोपी तरी घाल त्याला," बायको म्हणाली,
"ऊन किती आहे."
जाळ्याची शिशं वितळवून गोळ्या ओतल्या.

पन्नास पावलांवरून दहा बार: सात भोकं.
शंभरावरून दहा: तीन,
त्यातलं एक माणसाच्या बाहेर, चादरीच्या काठाला.
दीडशेवरून नऊ. दहावा फुसका,
रंजक भुर्रकन पेटली, आत निरोप पोचला नाही.
नऊंपैकी एकही नाही.
एक गोळी मागाहून सापडली भिरंडीच्या खोडात,
डावीकडे, बारा पावलं.

गोळी नळीहून बारीकच करावी लागते,
नाहीतर चौथ्या-पाचव्या बाराला काजळी धरते
आणि गज खाली उतरत नाही.
मग ती आत खुळखुळते.
सुटली की या भिंतीला, त्या भिंतीला आपटत येते,
तोंडाशी शेवटचा धक्का ज्या अंगाला
तिथून पुढची वाट तिची.
मिटलेला डोळा, रोखलेला श्वास,
हे सगळं त्याच्या आधीचं.

म्हणूनच पलटणी खांद्याला खांदा लावून उभ्या करत.
एकानं एकाला मारायचं नसे.
शंभरांनी मिळून
समोरच्या धुराला मारायचं.

आणि आमच्या घरी ही गोष्ट:
खापरपणजा पुरसो गावस, राण्यांच्या बंडात,
म्हादईच्या या काठावरून
त्या काठावरचा पाखल्यांचा कप्तान टिपला.
एका गोळीत.
दर चवथीला आरतीनंतर ती सांगतात,
दर चवथीला नदी थोडी रुंद होते.

मी सुंभ घेऊन मोजायला गेलो.
उताराशी, ऐन उन्हाळ्याच्या पाण्यात,
एकशे ऐंशी पावलं.

माळ्यावर एक पितळी पिंप आहे, दोन्ही तोंडं उघडी.
खाली फळी ठोकून त्यात बियाणं ठेवतो.
आई त्याला तांबोर म्हणायची.
पितळेचं असूनही मला वाटे, तांब्यावरूनच पडलं असेल नाव.
परवा मडगावच्या कायतानला दाखवलं,
आमच्या शाळेतला जुना पोर्तुगीजचा माणूस.
त्यानं कड्यांवरून बोट फिरवलं,
म्हणाला, "तांबोर म्हणजे पलटणीचा ढोल, मास्तर."
थोडं थांबून, "पोरं वाजवायची. बारा-तेराची.
पुष्कळदा आमच्याच सासष्टीतली."

कप्तान गळ्यात ढोल घालत नाही.

पुरसोनं कुणावर धरला असेल?
कप्तानावरच, कदाचित.
किंवा पाण्यावर, कुणाला लागू नये म्हणून,
असंही कुणी करत असेल,
रांगेत कळत नाही.
नळीला दोन्ही सारखंच.

यंदा चवथीला धाकट्या नातवानं विचारलं,
"खरंच एका गोळीत?"
हो म्हटलं. एका गोळीत.
पुढचं विचारलं नाही त्यानं,
करंज्यांचं ताट आलं.

रात्री बियाणं सुपात काढून
विजेरीच्या उजेडात पितळ आतून-बाहेरून पाहिलं,
चादर पाहिली होती तसं, वीत-वीत.
पोचे आहेत. उंदरांनी फळी कुरतडली आहे.
भोक कुठेच नाही.
ढोलाला नव्हती लागली.