तीन रोल सुट्टे

आर्डिस थोर्सन आली तेव्हा बाहेर उणे एकोणीस होतं,
दारातच तिच्या चष्म्यावर वाफ धरली.
काच पुसेपर्यंत आंधळ्यासारखी उभी राहिली, आणि म्हणाली,
"लहानसं काहीतरी दाखव, वेंडेल,"
जशी कुणी बटणं मागावीत.

कशासाठी, हे मी विचारत नाही.
सांगणारा आपणहून सांगतो.
न सांगणाऱ्याच्या हातांकडे बघावं.
तिचे हात साबणानं उललेले, अंगठ्याचं पेर सुजलेलं.
हायवेलगतची लॉन्ड्री तिची.
रात्री अकराला कुलूप, मशिनींतली चिल्लर पिशवीत,
मग गाडीपर्यंत चाळीस पावलं बर्फातून.

मखमलीवर दोन ठेवले.
दोन्ही पाच घरांचे, आखूड नळीचे,
दोन्हींचा घोडा आत लपलेला.
"बाहेर असला की कोटाच्या अस्तरात अडकतो," मी म्हणालो,
"आणि अडकतो तो नेमका त्याच वेळी."
एक पोलादी. दुसरा इतका हलका
की खिशात आहे हे विसरायला होईल.
तिनं अर्थात हलका उचलला.
सगळेच उचलतात.
"त्याची लाथ मोठी," मी म्हणालो.
"हलकं जनावर जास्त उधळतं.
पाच गोळ्यांनंतर तुझं हे पेर
आठवडाभर बरणीचं झाकण उघडणार नाही."

रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप तिनं ओढून बघितला.
एका बोटानं नाही. दोन बोटांनी.
दात आवळून.
भिंतीवरच्या सांबराकडे नेम धरला होता,
मग काय वाटलं कोण जाणे, नळी जमिनीकडे वळवली.

"वजन किती?"
मी आकडा सांगितला. तिला आकडा नको होता.
पिशवीतून तिनं क्वार्टरचे रोल काढले,
बँकेच्या कागदात घट्ट वळलेले,
चाळीस चाळीस नाण्यांचे,
आणि माझ्या तराजूवर एकेक ठेवत गेली.
हलका: दोन रोलांना थोडा कमी.
पोलादी: तीनला थोडा कमी.
तीन रोल तिनं कोटाच्या उजव्या खिशात टाकले.
"आठवडाभर हे वागवते. मग सांगते."

एवढ्या वर्षांत असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं.

पुढल्या गुरुवारी आली.
कोट एका बाजूला ओघळतो, म्हणाली.
चर्चमध्ये बसताना बाकावर ठण्णकन वाजलं,
पुढच्या रांगेतली इंगा मागे वळून बघत राहिली.
नातू धावत येऊन बिलगला,
त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं.
तेव्हापासून त्याला डावीकडूनच जवळ घेते.
"आणि तो पिकअप," ती म्हणाली,
तेव्हा मला पहिल्यांदाच कळलं की पिकअप आहे.
एका दिव्याचा. नोव्हेंबरपासून समोर उभा राहतो,
इंजिन चालू ठेवून.
"मंगळवारी खिशात हात घातला,
नाणी मुठीत धरली,
आणि सरळ त्याच्या खिडकीपाशी गेले."

मी थांबलो.
हीटर घरघरत होता.
"काच खाली केली त्यानं?"
"केली."
पुढे काही नाही.
तिनं खिशातले रोल काढून काउंटरवर ठेवले.
दोनच होते.
मी मोजले, तिनं मला मोजताना बघितलं,
आणि आम्ही दोघंही गप्प.

मग म्हणाली, "पोलादी काढ."

मी काढला. खिशाचं चामडी म्यानही दाखवलं,
चाप झाकणारं; त्याशिवाय मी विकतच नाही.
फॉर्म तिनं ठळक अक्षरांत भरला,
एकेका प्रश्नाखाली बोट धरून,
शाळेत धरायला शिकवतात तसं.
फोन लागेना. वादळात लाईन नेहमीच पडते.
"शनिवारी ये," मी म्हणालो.
"हे दोन इसारा म्हणून ठेव," ती म्हणाली.

खिडकीतून बघत होतो:
गाडीकडे सावकाश चालली होती,
रिकाम्या खिशानं,
आणि कोट तरीही उजवीकडे झुकलेला.