मत राखून

बांबोळीच्या टेकडीवर आज बैठक.
सरांनी कोरा कागद दिला: संशोधनाचे
पाच अग्रक्रम लिहा, चारच्या चहाआधी.

पहिला पटकन सुचला. हणजूणच्या किनाऱ्यावर
दर हंगामात नव्या नावाने उतरणारी पूड.
आमचं यंत्र तिला ओळखत नाही,
आलेखावर नुसता एक उंचवटा काढतं, बिननावाचा.

दुसरा काजूच्या बागेतला,
वाळल्या पानाच्या रंगाचा तो आखूड साप,
ज्याच्यापुढे आपलं प्रतिविष म्हणजे साधं पाणी.

तिसऱ्यापाशी पेन अडलं.

फडताळात बरण्या आहेत. खारट पाण्यात
यकृताचा तुकडा, अर्धं मूत्रपिंड, वर लाख.
एकीवर अक्षर माझंच:
सगुण वेळीप, वय एकोणीस, केपें.
फाईलमध्ये शेवटची ओळ:
मत राखून ठेवले आहे.

चौदा महिने राखलंय.

त्याचा बाप, बुधो, दर महिन्याला येतो,
मडगावला बस बदलून,
प्लास्टिकच्या पिशवीत कागद.
दारातूनच विचारतो, ‘कारण आयलें?’
जसं कारण म्हणजे
गावाला गेलेलं कुणी माणूस.
गेल्या खेपेला सोलं आणली त्याने.
मी नको म्हटलं. मग घेतली.

गावात दोन कारणं फिरतात:
पोरानं प्यायलं; पोराला पाजलं.
एका घराशी कुणी बोलत नाही.
तिसरं कारण माझ्याकडे, सीलबंद,
रांगेत.

मी लिहिलं, तीन:
केपें ते बांबोळी, दोन बस, जाऊन येऊन.

सर चष्मा वर करतील:
डॉक्टर, यात संशोधन कुठाय?

चहा आला.
चार आणि पाच कोरेच आहेत.