अठ्ठ्याहत्तर अंश

रात्री पावणेदोनला ताउनोचा फोन.
मी कायानीच्या रस्त्यावर, बर्फाचा नांगर जोडलेला,
दिव्यांच्या झोतात नुसतं पांढरं उडतंय.
"एकेचाळीस," तो म्हणाला.
हॅलो नाही, कशी आहेस नाही.
सात वर्षांनी, एकेचाळीस.

कळायचं ते कळलं मला.
तेवीस डिसेंबरच्या रात्री फिनलंडमध्ये
माणूस दुसरं काय मोजणार?
"केवढा हॅम आणलास?"
"सात किलो."
"खाणार कोण?"
यावर तो गप्प.
मागे ओव्हनचा पंखा घरघरत होता. तोच ओव्हन.
दार अजून लाकडी चमच्याने अडवावं लागत असणार.

थर्मामीटरची सळई हाडाला टेकू देऊ नकोस, म्हटलं.
हाड आधी तापतं आणि खोटं सांगतं.
जाड मांसात खुपस, मधोमध.
आणि दार उघडू नकोस.
"नाही उघडलं."
"आत्ता उघडलंस. चमचा पडलेला ऐकला मी."

तीन वाजता त्रेपन्न.
साडेचारला चौसष्ट.
साडेपाचलाही चौसष्टच.
"आच वाढवू?"
"नको. अडतं तिथे. थांब."
"थांबलोच आहे," तो म्हणाला,
आणि मी वायपरचा वेग वाढवला, गरज नसताना.

मधल्या वेळात त्याने बाकीचं सांगितलं.
सामन मासा मीठ, साखर आणि शेपूत दोन दिवस दाबलेला,
वर वजन म्हणून सातूचा शाळेतला नकाशांचा ग्रंथ.
हेरिंग मोहरीच्या सॉसमध्ये, बरणीतलं.
बीट, गाजर, काकडीचं लोणचं, सगळं बारीक चिरून.
"बीट वेगळं ठेव रे. आयत्या वेळी मिसळ."
"मिसळलंय."
मग काय, सगळं गुलाबी. बटाटेसुद्धा.
सातू येणार का, हे मी विचारलं नाही.
त्यानेही सांगितलं नाही.

पावणेसातला: "सत्याहत्तर."
"काढ."
"तू अठ्ठ्याहत्तर म्हणायचीस. तीस वर्षं अठ्ठ्याहत्तर."
"बाहेर काढल्यावर एक अंश आपसूक चढतो. काढ म्हणते ना."

मग कातडी सोलायची, गरम असतानाच,
मोहरी फासायची, वर पावाचा चुरा,
आणि मोठ्या आचेवर दहा मिनिटं. समोर उभं राहून.
टीव्ही बघत नाही.
उरेल त्याचं काय, हे त्याने शेवटी विचारलं.
उरणारच होतं.
म्हटलं, थंड झाल्यावर काप, गरम कापलंस तर चिंध्या होतील.
पातळ काप, ट्रेमधला रस दोन चमचे, वर फॉइल,
मंद आचेवर. आणि एकदाच.
पुन्हा पुन्हा तापवलेलं मांस चामडं होतं.
मी हॅमबद्दल बोलतेय, ताउनो.
शिळ्या कढीला ऊत आणायची हौस नाही मला.
"मीही हॅमबद्दलच विचारलं," तो म्हणाला.

आठला माझी पाळी संपते.
सोत्कामोचा फाटा माझ्या हद्दीत येत नाही,
तिथला नांगरवाला ताप येऊन झोपलाय, असं ऑफिसात म्हणत होते.
कोणी म्हणालं नसतं तरी चाललं असतं.
पातं खाली केलं.
चार किलोमीटर, गुडघाभर बर्फ,
दोन्ही बाजूंना फरची झाडं आणि पत्रपेट्यांच्या टोप्या.

फाटकाशी वळवायला जागा असते. वळवत होते.
तो लोकरी मोज्यांवरच बाहेर आला,
कोपरापर्यंत मोहरी,
हातात राईच्या पावावर एक जाड काप, वाफाळता,
अर्थातच चिंध्या झालेला.
काच खाली केली. खाल्ला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.
"पाण्यात जरा जास्त राहिला," तो म्हणाला.

इंजिन चालूच होतं.
त्याचे मोजे भिजत होते.
दोघांनाही ते दिसत होतं.