सहावी टाकी

हिप्परग्याच्या तलावात, काठापासून तीस वावांवर
आम्ही नऊ टाक्या तरंगत ठेवल्यात, दोराने बांधून,
प्रत्येकीत पाणी गाळून भरलेलं.
पहिल्या तिघींत मासे आणि पिसवा,
मधल्या तिघींत नुसत्या पिसवा,
शेवटच्या तिघींत फक्त हिरवं पाणी.

पिसवा पाण्यातल्या. मोहरीएवढ्याही नाहीत.
आरपार दिसतं त्यांच्यातून:
पोटातलं शेवाळ, पाठीतली अंडी,
आणि एकच काळा डोळा,
जो कुणाकडेही बघत नाही.

सेन्सर दर दहा मिनिटांनी सांगतो
प्राणवायू किती, ऊब किती, हिरवेपणा किती.
तो झोपत नाही. मी झोपते,
आणि पहाटे चारला तळाला गेलेला प्राणवायू
नऊ वाजता चहासोबत वाचते.

बसाप्पा भुई होडी वल्हवता वल्हवता विचारतो,
"काय मोजायलात मॅडम एवढं?"
म्हटलं, कोण कुणाला खातं ते.
"ते मी सांगतो की.
मरळ सगळ्यांना खाते. मरळीला मी खातो.
मला सोसायटी खाते."
वहीत लिहून घेतलं.
समीकरणात बसलं नाही.

साखर पेठेत माझे वडील जेकार्डचे पत्ते तपासायचे.
भोक असेल तिथं दोरा वर, नसेल तिथं खाली,
आणि खाली चादरीवर मोर.
एखादं भोक बुजलं की मोराच्या मानेत रेघ यायची,
दर हातभर अंतरावर, तीच रेघ.
म्हणायचे, श्रीलता,
चूक एकदाच आली तर दोऱ्यातली.
परत परत आली तर पत्त्यातली.

सहावी टाकी एकोणिसाव्या दिवशी हिरवी व्हायला लागली.
मॉडेल म्हणत होतं, लिटरमागे चाळीस पिसवा,
पाणी नितळ, तळाचा स्क्रू दिसेल इतकं.
मी मोजल्या चार.
दुसऱ्या दिवशी तीन. मग चार. मग दोन.
रोज येत होती रेघ.
म्हणजे पत्त्यातली.

तीन रात्री मी पत्ता उघडून बसले.
मे महिना, बेचाळीस अंश, तापलेलं पाणी,
पिसवांचा मृत्युदर थोडा वाढवला,
मग अजून थोडा.
चौथ्या रात्री वक्ररेषा ठिपक्यांवरून गेली
इतकी अलगद, की मी एकटीच हसले,
आणि उष्म्याने पिसवा कशा मरतात यावर
दीड पान लिहून काढलं.

शेवटच्या दिवशी टाक्या रिकाम्या केल्या.
सहावीत जाळी फिरवली तर वर आली
अंगठ्याएवढी चिलापी. मग अजून एक.
अकरा.

बसाप्पाने काही न बोलता
होडीच्या टोकाला बसलेल्या नातवाकडे पाहिलं.
संगमेश. इयत्ता चौथी.
"ती टाकी रिकामी होती. कुणीच नव्हतं तिच्यात.
म्हणून सोडले."
अरे, मासे नसलेल्या अजून पाच होत्या.
मग त्यांत का नाही?
"अकराच होते की."

रात्री मृत्युदर होता तिथं आणून ठेवला.
पंधराव्या दिवशी अकरा मासे घातले
आणि मॉडेल चालवलं.
रेघ ठिपक्यांवरून गेली, यावेळीही.
दोन्ही वेळा सारखीच सुंदर.
हेच मला अजून झोपेतून उठवतं.

सर म्हणाले, सहावी वगळून टाक.
मी ठेवली.
तक्त्यात 'मासे' या रकान्यात लिहिलं:
अकरा, पंधराव्या दिवसापासून, संगमेश.

ते दीड पान खोडलं नाही.
त्यावर एक आडवी रेघ मारून ठेवली आहे,
मोराच्या मानेवर असते तशी.

हो, आणि मासे:
बादलीतून तलावात सोडले, संगमेशच्याच हाताने.
एक पाणकावळ्याने तिथल्या तिथे उचलला.
संगमेश ओरडला.
मी नोंद केली.
दहा.